निरोपाचा दगड

"चार, नऊ, दोन, सात, एक, आठ," असं मनातल्या मनात घोळवत हिलाल लॅपटॉपच्या पडद्याकडे टक लावून पाहत होता. पडद्यावर एक चित्र आलं. कुठल्याशा गावचा बाजार, लाल मिरच्यांचे ढीग, मागे एक टपरी.

"हाई चित्र पहिले दखं व्हतं का, दादा?" भाविकाने विचारलं.

"दखं व्हतं," हिलाल म्हणाला.

खरं तर ते चित्र त्याला दाखवलेलंच नव्हतं. भाविकाने बटण दाबलं. पुढचं चित्र आलं, विहिरीचं. ते मघाशी दाखवलेलं होतं, आणि हिलालने छातीठोक सांगितलं की हे नवीन आहे. शाळेच्या ओसरीवर जमलेल्या वीस-पंचवीस माणसांत खसखस पिकली. हिलालच्या कपाळावर थंडीच्या दिवसांत घाम आला. आकडे सोडावेत तर चित्र संपल्यावर पोरगी आकडे विचारणार, आणि आकडे धरावेत तर चित्र हातातून निसटतंय.

भाविका त्याची एकुलती एक पोर. धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती, आणि तिच्या अभ्यासाचा हा प्रयोग होता. आधी तीस चित्रं दाखवायची, मग त्यांत तीस नवी मिसळून साठ दाखवायची, आणि प्रत्येकाला विचारायचं, पाहिलंय की नवीन आहे. हे दोनदा करायचं. एकदा रिकाम्या डोक्याने आणि एकदा, चित्रं तेवढी बदलून, डोक्यात आकडे धरून. गेल्या दोन दिवसांत गावातल्या एकेचाळीस माणसांना तिने असं बसवलं होतं. बापाला तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण बापाच्या नजरेचा तिला फार अभिमान होता.

"किती बरोबर?" कोणीतरी विचारलं.

भाविकाने पडदा आपल्याकडे वळवला. पण शेजारच्याने मान लांब करून पडदा वाचला आणि मोठ्याने सांगून टाकलं, "एकतीस!"

साठपैकी एकतीस. डोळे मिटून सांगितलं असतं तरी तेवढे आले असते. बाकी कोणाचेच आकड्यांच्या फेरीतसुद्धा चाळीसच्या खाली गेले नव्हते. ओसरीच्या खांबाला टेकून नवल आबा उभे होते, फडाचे अध्यक्ष. ते हसले नाहीत. उलट मायेने म्हणाले, "राहू दे, पोरी. मानूसनं वय व्हस." हसणाऱ्यांचं हिलालला काही वाटलं नाही, ही माया मात्र त्याला झोंबली. तो धोतराचा सोगा झटकत उठला आणि कोणाकडे न बघता घराकडे निघाला.

आता हिलालच्या एकतीस गुणांचं गावाला एवढं काय पडलं होतं, ते सांगायला हवं.

गाव पांझरेच्या काठचं. नदीवर जुना बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखाली चार फड. फड म्हणजे साऱ्या गावाची एकत्र भिजणारी जमीन. एका फडात सगळ्यांचा गहू, दुसऱ्यात सगळ्यांचा हरभरा, तिसऱ्यात ऊस, असं ठरवून पेरायचं आणि पाळीपाळीने पाणी घ्यायचं. पाणी सोडतो तो पाटकरी, आणि राखण करतो तो जागल्या. हिलाल हा जागल्या. त्याचा बाप जागल्या होता, बापाचा बापही. गुरं, रानडुकरं, चोर, फुटलेली पाण्याची चारी, काय असेल ते जागल्याने आधी पाहायचं.

पाहण्याची हिलालची एक रीत होती. रोज दिवस उगवताना फडाच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. काल संध्याकाळी पाहिलेला फड डोळ्यांसमोर आणायचा आणि आजच्या फडाशेजारी ठेवायचा. दोन्ही सारखे असले तर पुढे चालायचं. काही वेगळं दिसलं तर तिकडे जायचं. वेळ म्हणाल तर विडी पेटवायला लागतो तेवढा. एवढ्यात त्याला उसाची वाकलेली ओळ दिसायची, बुजगावण्याची फिरलेली मान दिसायची. एकदा तर बांधावरचा एक सपाट दगड नाहीसा झालेला त्याला दिसला. तो नवल आबांच्या गड्याने धुणं धुवायला उचलून नेला होता. हिलालने आबांच्या दारात जाऊन तो परत मागितला, आणि आबांनी हसत हसत तो गड्याकरवी परत पाठवला. बायको कोकिळा त्याला टोमणे मारायची, "घरमा उतरंड पडनी तरी दखात नही, आन फडमा कावळा हालना का दिसस."

आणि या नजरेसाठी गावाने एक पथ्य पाळलं होतं. जागल्या फेरीवर असताना त्याला निरोप सांगायचा नाही. 'अमक्याला हे सांग, तमक्याला ते आठव' असलं काही त्याच्या डोक्यात ठेवायचं नाही. पाटाशेजारी जागल्याची खोप, तिच्या दाराशी एक सपाट चिरा. ज्याला काही सांगायचं असेल त्याने त्या चिऱ्यावर दगड ठेवावा आणि बाजूला थांबावं, नाहीतर आपल्या कामाला जावं. फेरी संपवून जागल्या येईल, दगड पाहील, विचारील. हा नियम कोणी केला, का केला, कोणालाच माहीत नव्हतं. पण कलेक्टरचा माणूस आला तरी दगड ठेवूनच थांबायचा, असं हिलालचा बाप सांगायचा.

मग मोबाइल आले. जागल्याच्याही खिशात एक बटणांचा मोबाइल आला. बारा-तेरा वर्षांत त्या चिऱ्यावर एकही दगड पडला नव्हता.

गेल्या मंगळवारची गोष्ट. हिलाल नेहमीप्रमाणे फेरीला निघाला होता. रात्रभर गव्हाला पाणी चालू होतं. गहू आणि हरभरा यांच्यामधल्या चारीजवळ तो पोचतोय तोच खिशातला फोन वाजला. नवल आबा होते. गुडघे दाखवायला पहाटेच धुळ्याला गेले होते आणि दवाखान्याच्या रांगेत बसले होते.

"हिलाल, मनी बॅटरी सरत चालनी. घरनं कोनी फोन उचलत नही. मोटर बंद पडनी शे, वायरमनना नवा नंबर सांगस. डोकामा ठेव आन घर जाईसन तुनी वहिनीले दे."

'आबा, मी फेरीवर शे,' एवढं म्हणता आलं असतं. पण वडीलधारा माणूस, रांगेत बसलेला, घाईत. आणि असल्या गोष्टीला नाही म्हणायचं असतं, हे गावाबरोबर हिलालही विसरत चालला होता. बोलता बोलता फोनवर नंबर टाकून ठेवायची युक्ती त्याला आजवर जमली नव्हती. त्याने दहा आकडे ऐकले, दोनदा म्हणून दाखवले, आणि ते ओठांवर फिरवत फिरवत चारीच्या काठाने गेला. तिथून सरळ आबांच्या घरी. दहाच्या दहा आकडे बरोबर पोचले. वायरमन आला, मोटर चालू झाली.

आणि दुपारी चारी फुटली. घुशीने बीळ केलं होतं. सकाळी तिथे हातभर ओल आलेली असणार, फावडंभर माती टाकली असती तर काम भागलं असतं. बांध खचला आणि गव्हाचं पाणी हरभऱ्यात शिरलं. संध्याकाळपर्यंत ते चार घरांच्या हरभऱ्यात साचून राहिलं. घाट्यांनी लगडलेला हरभरा तीन दिवसांत पिवळा पडून वाळला. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा भिकुबाईचा. नवऱ्यामागे एकटीने पेरलेला. ती बांधावर येऊन एवढंच म्हणाली, "हिलालभाऊ, तुम्ही तठून गयात. तुमना डोळा कोठे व्हता?"

हिलालने खाली बसून खचलेल्या बांधाची माती चाचपली. जन्मभर पाहिलेले फड त्याला हवे तेव्हा डोळ्यांसमोर आणता येत. पण त्या मंगळवारच्या सकाळचा तो कोपरा आठवायला गेलं की तिथे माती नव्हती, ओल नव्हती, काहीच नव्हतं. नुसते वायरमनचे आकडे होते. चित्र पुसलं असतं तर त्याला एवढं दुःख झालं नसतं. ते घेतलंच गेलं नव्हतं.

गावात कुजबुज सुरू झाली, हिलालची नजर गेली. रविवारी फडाची बैठक ठरली, विषय एकच, जागल्या बदलायचा. आणि शुक्रवारी शाळेच्या ओसरीवर पोरीच्या यंत्राने त्याला एकतीस गुण दिले.

घरी आल्यावर भाविका रडवेली झाली. "दादा, मी तुम्हाला बसवायलाच नको होतं."

"तू कसाले रडस? मशीनले जे दिसनं ते तेनी सांगं," हिलाल म्हणाला.

"पण पहिल्या फेरीचं कोणीच विचारलं नाही," भाविका म्हणाली. तिने वही उघडली. रिकाम्या डोक्याच्या फेरीत हिलालचे साठपैकी एकोणसाठ आले होते. चुकलेलं एक चित्र कॉलेजसमोरच्या रस्त्याचं होतं. हिलाल म्हणाला होता की हे नवीन, आणि यंत्र म्हणत होतं की हे दाखवलेलं. "का हो नवीन म्हणालात?"

"पहिला चित्रमा तारवर कावळा व्हता. दुसरामा नही."

भाविकाने लॅपटॉपवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. बराच वेळ शोधल्यावर तिला तारेवर एक काळा ठिपका सापडला. एका मिनिटाच्या अंतराने काढलेले एकाच रस्त्याचे दोन फोटो तिच्याच हातून घोटाळ्याने आत आले होते. बाप बरोबर होता, चुकली होती ती. तिने एकोणसाठ खोडून साठ लिहिले आणि वही छातीशी धरून बसली.

कोकिळा चुलीपुढून म्हणाली, "आते बैठकमा सांगी टाका, नंबर नवल आबानी देयेल व्हता म्हनीसन."

"नही," हिलाल म्हणाला. कोकिळेने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहून भाकरी थापायला घेतली.

रविवारी दिवस कलताना सोसायटीच्या गोदामाच्या ओट्यावर माणसं जमली. नवल आबा मधोमध बसले होते. हिलाल एका कडेला, चपला काढून. जागल्या काढायचा हे कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. कोणी म्हणालं, चारही कोपऱ्यांवर कॅमेरे बसवू. कोणी म्हणालं, हिलालभाऊने आता आराम करावा, खूप केलं त्यांनी. एकाने एकतीस गुणांची आठवण काढली आणि दोघं-तिघं हसले.

भिकुबाई बायकांमधून उठली. "मना हरभरा गया. माले कॅमेरा नको. त्या दिन नेमकं काय व्हयनं, ते माले सांगा."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात भाविका वही घेऊन उभी राहिली. बैठकीत पोरीबाळींनी बोलायची रीत नव्हती, पण आबांनी मानेने होकार दिला.

"एकतीस सांगता ना, मग साठ पण सांगा," ती म्हणाली. तिने वही उघडून समोर धरली. "डोक्यात काही नसताना दादांचे साठपैकी साठ आलेत. गावातल्या बेचाळीस माणसांत दुसऱ्या कोणाचेच नाहीत. इथे बसलेल्यांचे किती आलेत, ते माझ्या वहीत आहे. म्हणाल तर वाचते."

कोणीच वाच म्हणालं नाही. ज्यांना परवापासून हसू येत होतं त्यांना ते आता येईना.

"आपण बघतो तुकड्या-तुकड्याने," भाविका सांगू लागली. "झाड, विहीर, टपरी. डोक्यात आकडे असले तरी दोन तुकडे राहतात, त्यावर आपलं भागतं. दादा सगळं चित्र एकदम घेतात, कावळ्यासकट. त्याला डोक्यात सगळी जागा लागते. आकडे ठेवले की जागा अडली, मग काहीच आत जात नाही. म्हणून साठ आणि म्हणून एकतीस. असं मला वाटतं. पुस्तकात एवढं नाही, माझ्या बापावरून सांगते."

ओट्याच्या पायरीवर सुपडू नाना काठीवर हनुवटी टेकून बसले होते. चाळीस वर्षं पाटकरी राहिलेला हा म्हातारा, आता ऐंशीच्या पुढे. त्यांना वाटलं, एवढं शिकून पोरगीने काय नवीन सांगितलं.

"पोरी, पाट एक येळे एकच फडले जास," नाना म्हणाले. "तिकडे वळाव तं आठे कोरडं. म्हनीसन तं आपला आजा-पंजा दगड ठेवेत. जागल्याले फेरीवर निरोप देवाना नही. बठ्ठा गावले ठाऊक व्हतं, बठ्ठं गाव इसरी गयं." मग त्यांनी हिलालकडे काठी केली. "खरं सांग, हिलाल. मंगळवारले तुना डोकामा कोनी काय ठेवं व्हतं?"

हिलालने नवल आबांकडे पाहिलं नाही. तो आपल्या पायांच्या भेगांकडे पाहत राहिला.

"एक निरोप व्हता, नाना. देनारानी देया, पन लेनारा मी. फेरीवर शे, इतलं माले सांगता येत व्हतं. सांगं नही. चूक मनी शे."

"कोना निरोप?" भिकुबाईने विचारलं.

"पोचना तो निरोप, अक्का. पोचेल निरोपनं नाव काय सांगानं."

नवल आबांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्यांनी फोन बाहेर काढला, थोडा वेळ हातात धरला आणि मांडीजवळ पालथा ठेवला. मंगळवार, दवाखान्याची रांग, उतरत चाललेली बॅटरी. एवढा वेळ त्यांना हे कसं सुचलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत असावं. चेहरा उतरला होता.

"जागल्या बदलाना विषय मी माघार लेस," ते म्हणाले. का, ते सांगितलं नाही. गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि निघून गेले.

बैठक मोडली. ओट्यावरून उतरता उतरता एकजण दुसऱ्याला म्हणाला, आबा मनाने मोठे, दया आली त्यांना. ते हिलालच्या कानावर पडलं. जागल्यापण राहिलं होतं खरं. पण दयेवर राहिलेलं जागल्यापण घेऊन उद्या फडावर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, हे त्याला कळेना. नाव का नाही घेतलं म्हणून घरी भाविका चिडली, कोकिळेने कपाळाला हात लावला. हिलालने दोघींचं ऐकून घेतलं आणि ताट ओढून जेवला.

सोमवारी दिवस उगवताना तो खोपीपाशी गेला. खिशातला फोन काढून त्याने आतल्या खिळ्याला पिशवीत टांगला. हे काम त्याने बारा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. मग तो फेरीला निघाला.

गहू पाहिला. गव्हात रात्रीतून काही हललं नव्हतं. हरभरा पाहिला. वाळलेल्या त्या चार घरांच्या पट्टीवरून त्याने डोळे वळवले नाहीत, ती नीट पाहून घेतली. ऊस पाहिला. उसाच्या कोपऱ्यावरून वळताना सवयीने त्याची नजर लांब पाटाकडे गेली आणि तिथेच अडकली. खोपीच्या दाराशी काहीतरी पांढरं होतं. मघाशी निघताना ते नव्हतं.

धावत जावंसं वाटलं. पण उसाचा दुसरा कोपरा राहिला होता. तो तिथवर गेला, उभा राहिला, पाहिलं, आणि मगच पाटाकडे वळला. शेवटच्या, शिवेवरच्या फडाची वाट खोपीवरूनच जात होती.

चिऱ्यावर एक फरशीचा तुकडा होता. पांढरा, गुळगुळीत, बोटभर जाड. असली फरशी साऱ्या गावात एकाच घरी होती. गेल्या वर्षी बांधलेल्या नव्या घरात नवल आबांनी ती बसवली होती आणि गावाला बोलावून दाखवली होती.

निंदायला निघालेल्या बायका पाटाच्या काठाने येत होत्या. पुढे भिकुबाई होती. चिऱ्यापाशी येऊन ती थांबली. तुकड्याकडे पाहिलं, मग हिलालकडे, मग पाटावरच्या मोरीच्या लहान पुलाकडे. मोरीच्या कठड्यावर नवल आबा काठी टेकून बसले होते. दुखऱ्या गुडघ्यांनी एवढं चालत आलेले, एकटे.

"हाई तं आबाना घरनी फरशी शे," भिकुबाई मागच्या बायकांना म्हणाली. मंगळवारचा निरोप कोणाचा होता, ते तिला कळलं होतं. दुपारच्या आत ते गावाला कळणार होतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "येस मी, हिलालभाऊ," ती हिलालला म्हणाली, आणि बायकांना घेऊन पुढे गेली.

हिलाल मोरीपाशी गेला. "आबा, काय निरोप शे?"

नवल आबांनी मान वर केली. डोळे लाल होते. सांगायचं बरंच असावं, पण त्यांनी आधी विचारलं, "फेरी व्हयनी का तुनी?"

"शिवना फड बाकी शे."

"मग पहिले तो दखी ये. मी बठस आठे."

हिलालने मान हलवली. त्याने फरशीला हात लावला नाही. ती तशीच चिऱ्यावर ठेवून तो शिवेच्या फडाकडे चालू लागला. त्याच्या डोक्यात आकडा नव्हता, निरोप नव्हता, कोणाची दया नव्हती. कोपऱ्यावर जाऊन तो उभा राहिला आणि काल संध्याकाळचा फड त्याने डोळ्यांसमोर आणला.

मोरीवर उन्हं आली. गुडघ्यांवर हात ठेवून नवल आबा तसेच बसून राहिले.